दाट पाणी

प्रिय हाफ तिकीट,

ज्या लेकींना वृद्धांच्या केंद्रातून फोनवर दर वेळी 'अगदी शांत आहेत हो, काळजी करू नका' एवढंच ऐकायला मिळतं, त्यांच्यातली एक तू आणि एक मी. आपली तक्रार एकच आहे. फक्त मी ती ओरडून करते आणि तू मनात ठेवतेस. आपण विचारतो, जेवले का? उत्तर येतं, शांत आहेत. आपण विचारतो, बोलले का, चार पावलं चालले का, आमची आठवण काढली का? शांत आहेत. म्हातारं माणूस शांत आहे म्हटलं की सगळ्यांचं समाधान होतं, आणि आपणही निमूटपणे समाधान मानावं अशी अपेक्षा असते. आयुष्यभर मी कारखान्यांच्या फाटकांबाहेर आणि सभागृहांत उभी राहून बोलले, शिव्याही खाल्ल्या, पण कुठल्या शब्दाला घाबरले नाही. या एका शब्दाला मात्र आता घाबरते. हे पत्र त्याबद्दल आहे, म्हणजे बाबांबद्दल आहे.

हाफ तिकीट म्हटल्यावर तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. आता तू शाळेत पर्यवेक्षिका, तुझी चाहूल लागली की आठवीतली पोरं वर्गात पळतात. पण बाबांनी ठेवलेलं नाव आहे, ते काही बढती मिळाल्यावर बदलत नाही. कंडक्टरच्या घरात थोरली ती फुल तिकीट आणि धाकटी ती हाफ, त्यांचा हिशेब सरळ होता. तुझ्या लग्नात त्यांनी तुझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलेलं आठवतंय ना, 'हाफ तिकीट आहे, पण जागा पूर्ण लागते, सरकून बसायची तयारी ठेवा.' तो बिचारा अजून सरकूनच बसतो.

पत्र अशासाठी, की परवा फोनवर मी बोलायला सुरुवात केली आणि दोन वाक्यं होतात न होतात तोच तू म्हणालीस, "ताई, भाषण नको, मला पेपर तपासायचेत." फोन ठेवलास आणि त्यानंतर उचलला नाहीस. शाळेत यायची मला बंदी आहे. मागे एकदा तुमच्या शिक्षकांच्या खोलीत येऊन मी जे काही बोलले त्याचा तुला राग आला, आणि त्याहून जास्त राग तुझ्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या याचा आला. मग राहिला कागद. पत्राला आवाज चढवता येत नाही, आणि तुलाही त्याला मधे तोडता येत नाही. टेबल डगमगतंय, म्हणून अक्षर असं आलंय. रागावून लिहिलंय असं समजू नकोस. एक विनंती, सगळं वाच. दोन वाक्यांत सांगून बघितलं, तुला पटलं नाही. म्हणून आता पहिल्यापासून सांगते.

मी या वयात कॉलेजात नाव घातलं तेव्हा तू हसली होतीस. "युनियनमध्ये भांडायला कुणी उरलं नाही का?" असं विचारलं होतंस. खरं कारण मी तेव्हा सांगितलं नाही. बाबा बाथरूममध्ये पडले तो दिवस आठव. म्हाताऱ्यांच्या हक्कांवर मी तासभर बोलू शकत होते, पुस्तकांतले दाखले तोंडपाठ होते, पण सख्ख्या बापाला फरशीवरून उठवायचं कसं ते मला येत नव्हतं. तू काखेत हात घालून ओढत होतीस, मी पाय धरून ओरडत होते, आणि मधे लोंबकळत बाबा म्हणाले, 'पोरींनो, आधी ठरवा, गाडी पुढे न्यायचीय की मागे.' तेव्हाच मनाशी ठरवलं, हे शिकायचं. अभ्यासक्रमाचं नाव आहे आरोग्य आणि देखभाल. वर्गात सगळी माझ्या मुलांच्या वयाची. त्यांनी दुसऱ्याच दिवशी माझं नाव भाषणताई ठेवलं. कुणी विचारलं की ताप का येतो, तर मी म्हणे तापाच्या राजकारणापासून सुरुवात करते.

वर्गाच्या मागच्या बाजूला पलंगावर एक प्लॅस्टिकची बाई झोपवलेली आहे. तिच्यावर आम्ही कूस बदलायला, कपडे चढवायला, दात घासायला शिकतो. तिचा एक हात मनगटापाशी निखळतो, तो दर वेळी परत बसवावा लागतो. पोरांनी तिला नाव दिलंय बिनतक्रार मावशी. कुणी पालथी टाकून गेलं तर मावशी छताऐवजी उशीकडे तेवढ्याच आनंदाने बघत राहते. आमच्या मॅडम पूर्वी मोठ्या रुग्णालयात परिचारिका होत्या. त्या बोलतात कमी आणि बघतात फार. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "या बाईवर हात बसवून घ्या, पण हिची सवय लावून घेऊ नका. जिवंत माणूस हिच्यासारखं वागायला लागलं, की समजा काहीतरी बिघडलंय." आम्ही हसलो होतो. मावशीचा हात कुणीतरी मुद्दाम हलवून दाखवला होता.

मग एक दिवस दाट पाण्याचा धडा झाला. पक्षाघात झालेल्या किंवा घशाचे स्नायू ढिले पडलेल्या माणसाचं साधं पाणी श्वासनलिकेत जायची भीती असते. अशांच्या पाण्यात एक पूड मिसळतात, मग ते कपड्यांच्या खळीसारखं घट्ट होतं आणि घशातून हळू उतरतं. ज्याला त्याची गरज आहे त्याचा त्याने जीव वाचतो, हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर तू म्हणशील ताईला सगळीकडे कटच दिसतो. मॅडमनी प्रत्येकाच्या हातात एक पेला दिला आणि म्हणाल्या, "संपवा." आमच्यातला तो व्यायामशाळेत जाणारा धिप्पाड मुलगा एक घोट घेऊन म्हणाला, "मॅडम, हे प्यायचं की याने भिंतीला कागद चिकटवायचे?" चव म्हणशील तर काहीच नाही, आणि तरी ते जिभेवरून हलत नाही. गिळलं तरी तहान होती तिथेच, वर जिभेवर सायीसारखा थर. मी दोन घोटांत हरले. पेला कुणीच संपवला नाही. मॅडमनी पेले गोळा करता करता विचारलं, "तुम्ही उठून नळापाशी जाल. ज्याला उठता येत नाही तो काय करेल?" कुणीतरी म्हणालं, "साधं पाणी मागेल." "आणि मागितलं तरी हेच मिळालं तर?" मग त्याच म्हणाल्या, "मग तो पिणं सोडून देईल. आणि लक्षात ठेवा, पाणी कमी पडलं की म्हातारं माणूस आरडाओरडा करत नाही. पेंगुळतं, गोंधळतं, गप्प होतं. म्हणून गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय ही पूड कुणाच्याही पेल्यात टाकायची नाही. कुणाच्याही."

त्या दिवशी घरी येताना मला सारखे बाबा आठवत होते. पाण्याशिवाय त्यांचं पान हलायचं नाही. 'पुढे सरका, पुढे जागा आहे, जागा मनात असते' असं दिवसभर ओरडून घसा कोरडा पडलेला असायचा. दारात पाऊल टाकलं की बॅग उतरवायच्या आधी हात पुढे व्हायचा, न बघता, आणि त्या हातात पेला ठेवायची पाळी तुझी असायची. पेला ठेवला की गटगट आवाज, आणि मग तोंड पुसत भांडणाला सुरुवात. बातम्यांवरून भांडण, भाजीच्या मिठावरून भांडण, माझ्या मतांवरून भांडण. मला ते आवडायचं, मी तिथेच बोलायला शिकले. तुला आवडायचं नाही. तू पेला ठेवायचीस आणि आतल्या खोलीत जायचीस. त्यांनी कधी तुला जवळ घेतलं असेल तर मी तरी बघितलं नाही. ते मला टाळी द्यायचे आणि तुझ्याकडे नुसता हात पुढे करायचे. हे मी आज लिहितेय, पण मला ते तेव्हाही दिसत होतं.

प्रत्यक्ष कामासाठी विद्यार्थ्याला आपला नातेवाईक राहत असेल त्या वृद्धांच्या केंद्रात पाठवत नाहीत, असा आमच्याकडे नियम आहे. म्हणून बाबांच्या केंद्रात मला येता आलं नाही. मला मिळालं ते त्याच संस्थेचं, आमच्या शहरातलं दुसरं केंद्र. आत गेलं की पहिल्यांदा चकचकीत फरशी दिसते. प्रत्येक दारावर एकेका फुलाचं चित्र, ज्याला आपली खोली आठवत नाही त्याला फूल तरी आठवावं म्हणून. बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून खुर्च्या, आणि टीव्ही चालू पण आवाज बंद. तिथली शांतता मला सुरुवातीला आवडली, खोटं कशाला सांगू. मॅनेजरबाई अभिमानाने म्हणाल्या, "आमच्याकडे गोंगाट नसतो. येणारे पाहुणे पहिल्यांदा तेच बोलतात."

त्या शांततेत एकच आवाज होता, गुलाबाच्या दारातल्या ऑपरेटरबाईंचा. जन्मभर टेलिफोनच्या कचेरीत तारा जोडल्या, त्यामुळे कुणीही खोलीत शिरलं की त्या खणखणीत विचारायच्या, "बोला, कोण हवंय?" मी पहिल्या दिवशी म्हटलं, तुम्हीच हव्या आहात. तर म्हणाल्या, "लाइन व्यस्त आहे, थांबा." आणि खरंच थांबवलं मला, केस विंचरून होईपर्यंत. माझ्या कॉलेजची गोष्ट ऐकून म्हणाल्या, "या वयात शिकतेस? बरं आहे, निदान परीक्षेचा निकाल लागेपर्यंत मरता येणार नाही." त्या नुकत्याच आल्या होत्या. त्यांचा पाय मोडला होता, घसा ठणठणीत होता. पाण्याचा पेला पुढे केला की चमच्याने ढवळून बघायच्या आणि म्हणायच्या, "हे काय चिखल? माझ्या शत्रूला जोडून द्या."

मी बघितलं. त्या मजल्यावर पाण्याचा एकच मोठा जग होता, निळ्या झाकणाचा. सकाळी त्यात पूड पडायची, चमचा फिरायचा आणि तेच पाणी प्रत्येक फुलाच्या दारात जायचं. मी विचारलं, सगळ्यांची तपासणी झालीय का? मॅनेजरबाई शांतपणे म्हणाल्या, "मागे एका आजोबांना पाणी पिताना ठसका लागला, केवढी धावपळ झाली. तेव्हापासून आम्ही कुणाच्याच बाबतीत धोका पत्करत नाही. सगळ्यांना एकच पाणी, म्हणजे चूक व्हायलाच नको." त्यांचा चेहरा प्रामाणिक होता. त्या स्वतः म्हाताऱ्यांची नखं कापतात, वाढदिवस लक्षात ठेवतात. मला खलनायक लागतो, भाषणाला तो बरा पडतो. तिथे सगळा मजला धुंडाळला, एकही सापडला नाही. एका माणसासाठी योग्य असलेली काळजी त्यांनी सगळ्यांना वाटून टाकली होती, बस्स. मी पुढे बोलायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही शिकायला आला आहात ना?"

मी मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, येते. पण शिक्षकाला दुसऱ्याच्या केंद्रात शिरायला परवानगी लागते, आणि ती मिळेपर्यंत दिवस जात राहिले. त्या दिवसांत मी ऑपरेटरबाईंकडे बघत राहिले. आधी त्यांनी चिखलाची तक्रार बंद केली. मग पेला परत जायला लागला, भरलेला तसाच. मग "बोला, कोण हवंय" ऐवजी नुसतं "बोला" आलं. मग दुपारी खुर्चीत मान कलंडायला लागली. पेंगत असताना भरवलं तर कुणालाही ठसका लागेल, तसा त्यांना लागला, आणि मदतनीस बाई म्हणाली, "बघा, यांना गरज आहेच," आणि त्यांच्या पेल्यात आणखी एक चमचा पूड टाकली. माझ्या डोळ्यांदेखत फास असा आवळत गेला, आणि तो आवळणारा प्रत्येक हात मायेचा होता. पाणी कमी म्हणून ग्लानी, ग्लानी म्हणून ठसका, ठसका म्हणून पाणी आणखी दाट.

त्याच दिवसांत तू फोनवर बाबांची खुशाली सांगत होतीस. आठव तू काय काय सांगितलंस. आधी म्हणालीस, हल्ली बाबा बातम्यांवरूनसुद्धा वाद घालत नाहीत. मी म्हटलं, वय झालं. मग म्हणालीस, त्यांना चमच्याने कसलंतरी दाटसर पेय देतात, पौष्टिक असावं. मी त्या दिवशी रात्रीचं जेवण टाकून उठले, पण तुला काही बोलले नाही, कारण दाटसर म्हणजे काहीही असू शकतं, आणि पुरावा हातात नसताना करायची भाषणं मी आता सोडली आहेत. मग म्हणालीस, भेटायला गेलं की त्यांना विंचरून, स्वच्छ सदरा घालून पुढच्या खोलीत आणून बसवतात, आणि ते खुर्चीतच डुलकी काढतात, इतके निवांत झालेत. तू हे सगळं आनंदाने सांगत होतीस. फोनच्या या टोकाला मला बाबा दिसत नव्हते, ऑपरेटरबाई दिसत होत्या. प्रत्येक वेळी एक पायरी खाली.

आमच्या मजल्यावर मोगऱ्याच्या दारात एक घड्याळं दुरुस्त करणारे काका होते. त्यांच्याशी माझी ओळखच झाली नाही. मी गेले तेव्हापासून ते झोपलेलेच असायचे. एका सकाळी गेले तर पलंगावर नवी चादर आणि खिडकी उघडी. "शांतपणे गेले," मदतनीस बाई म्हणाली आणि डोळे पुसले. तिला खरंच वाईट वाटलं होतं. वयही झालं होतं, हे मी नाकारत नाही. त्यांना काय झालं होतं ते आता कुणीच सांगू शकणार नाही, कारण कुणी विचारलंच नाही. बाजूच्या स्टुलावर त्यांचा पेला होता. मी तो तिरका केला. आतलं पाणी हललं नाही.

त्यानंतर ऑपरेटरबाई एक नवीनच गोष्ट करायला लागल्या. जवळ गेलं की हात धरायच्या. मनगट धरून हळूहळू वर ओढायच्या आणि आपल्या ओठांना लावायच्या. पुन्हा, पुन्हा. मदतनीस बाईचे डोळे भरून आले. "किती मऊ झाल्या हो, आधी काय फटकळ होत्या." मीसुद्धा, धाकटे, मीसुद्धा एकदा तो हात तसाच राहू दिला. कुणी इतकं प्रेमाने धरलं की आपल्याला बरं वाटतं.

मॅडम अखेर आल्या त्या दिवशी त्यांनी बाकी काही बघितलं नाही. सरळ गुलाबाच्या दारात गेल्या, पलंगाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार, मी तुमच्या तोंडात बघू का?" ऑपरेटरबाईंनी त्यांचाही हात धरला आणि ओठांना लावला. मॅडमनी हात काढून घेतला नाही. दुसऱ्या हाताने त्यांची हनुवटी खाली केली आणि मला म्हणाल्या, "बघा." जीभ वाळलेल्या चामड्यासारखी, मधे चिरलेली. हाताच्या पाठीवरची कातडी मॅडमनी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली, खाली बसायचं विसरून गेल्यासारखी. मग त्या अगदी सावकाश बोलल्या, "हे लाड चाललेले नाहीत. हिला पेला दिसतो त्या हातात. ही पाणी मागतेय."

मला तिथे जे ऐकू आलं ते तुला नीट सांगता येणार नाही. बिनतक्रार मावशीचा हात बसवताना कट्ट आवाज होतो, तसं काहीतरी डोक्यात झालं. रुग्णवाहिका आली. रुग्णालयात शिरेतून पाणी चढवलं, गिळण्याची तपासणी झाली, त्यात घशाला काहीही दोष निघाला नाही. त्यांनी थोडे डोळे उघडले तेव्हा मी जवळ होते. ओठ हलले, आवाज असा आला की दुसऱ्या गावाहून यावा. "कोण... हवंय?" मी म्हटलं, तुम्हीच. पण मूत्रपिंडांना धक्का बसलाय आणि डॉक्टर कसलाच शब्द देत नाहीत. उशीर झाला, एवढंच म्हणतात. त्या जगतील की नाही, मला माहीत नाही.

केंद्रात परत जाऊन मॅडमनी मॅनेजरबाईंना समोर बसवलं. त्या रडल्या. पाण्याचा जग त्याच दिवशी बंद झाला, प्रत्येकाची तपासणी सुरू झाली. मी दारात उभी होते. रडता रडता त्या जे बोलल्या ते माझ्यासाठी नव्हतं, पण मी ऐकलं. "पण ही पद्धत एवढी चांगली चालली होती. वरून कौतुक झालं होतं. आता तर संस्थेच्या सगळ्या केंद्रांत सुरू केलीय." मॅडमनी तिथल्या तिथे संस्थेच्या मुख्य कचेरीला फोन लावला. उत्तर मिळालं, पुढच्या बैठकीत विषय घेऊ. बैठक, धाकटे. बैठका किती पाणी पितात ते मी आयुष्यभर बघितलंय.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते लिहिते. परवा फोनवर, मी तोंड उघडायच्या आधी, तू मला एक गोष्ट सांगितलीस. तुझा तसा आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. म्हणालीस, "ताई, रविवारी बाबांनी माझा हात धरला. धरून ओठांना लावला. परत परत लावला गं. जन्मात कधी डोक्यावरून हात फिरवला नाही त्यांनी." तू रडत होतीस आणि हसत होतीस. आणि मी दोन वाक्यांत तुझं ते सगळं हिसकावून घ्यायला निघाले, तेव्हा तू फोन ठेवलास. ठेवणारच. तुझ्या जागी मी असते तर फोन फोडला असता. वर्षानुवर्षं त्यांचं सगळं तू केलंस, मी नाही. त्याबद्दल जे काही पहिल्यांदा तुझ्या पदरात पडलं, ते तसं नाही हे सांगायला तुझ्या थोरल्या बहिणीनेच यावं, याहून वाईट काय असेल? पण तुला सांगू, त्यातलं एक मात्र कुणी तुझ्याकडून घेऊ शकत नाही. दिवसभरात त्यांच्यापाशी किती हात येतात. त्यांनी धरला तो तुझा, कारण आयुष्यभर त्यांच्या हातात पाण्याचा पेला ठेवला तो तूच. बाकी सगळं विसरले असतील. ते विसरले नाहीत.

मी तुझ्याच गावात आहे. बाबांच्या केंद्रासमोर जे चहाचं दुकान आहे, तिथल्या डगमगत्या टेबलावर बसून हे लिहितेय. सकाळी फाटकाशी गेले होते. त्यांनी नम्रपणे सांगितलं की पालक म्हणून नाव तुमच्या बहिणीचं आहे, त्या आल्याशिवाय आत सोडता येत नाही आणि बाहेरचा डॉक्टरही त्यांच्याच शब्दावर येईल, आणि काळजी करू नका, आजोबा अगदी शांत आहेत. जाळीतून बैठकीची खोली थोडी दिसते. खिडकीत एक जग ठेवलाय, निळ्या झाकणाचा. तुझ्या नवऱ्याला मीच बोलावून घेतलं. तो माझ्यासमोर सरकून बसलाय, दुसरा चहा तसाच गार झालाय. म्हणतो, "ताई, मी सांगितलं तर तुमचं नाव ऐकूनच ती चिडेल. तुम्ही लिहा, मी हातात देतो आणि वाचून होईपर्यंत गाडी चालू ठेवतो." तेव्हा वर्ग कुणावर तरी सोपव, या माणसाच्या मागे गाडीवर बस आणि ये. तुझ्या हातून त्यांना पाणी पाजू नकोस, कितीही वाटलं तरी, इतक्या ग्लानीत ते श्वासनलिकेत जाईल. फक्त फाटकात उभी राहा, तुझं नाव सांग, डॉक्टर आत्ता बोलवा म्हण, आणि तो बाबांच्या तोंडात बघेपर्यंत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरून उठू नकोस. मी बाजूला गप्प उभी राहीन, एक शब्द बोलणार नाही. बाबा हात पुढे करून बसलेत. कागद खाली ठेव आणि आत्ता नीघ.

फाटकाशी तुझी वाट बघणारी, तुझीच,
फुल तिकीट